खानावळ, खाडा आणि पन्नास रुपयांचं ताट

(लोकलमध्ये नेट जातं, मध्येच आवाज तुटतो, म्हणून 'लिहून पण टाका' असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग खाण्याबद्दल आहे. पण 'बेस्ट मिसळ कुठे मिळते' टाइपचा नाही, त्यासाठी भरपूर लोक कॅमेरा घेऊन फिरतायत. आज बोलायचंय ते जरा वेगळं. शहरात ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत, ते रोज जेवतात कसे? दोन वेळचं ताट त्यांच्यासमोर येतं तेव्हा त्यामागे कोण उभं असतं? सरकार? वाणी? की गल्लीतली एखादी मावशी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांचं स्टेशन लवकर येणारे त्यांना पण कळेल. मावशी. आणि मावशीच्या मागे कोण उभं असतं? बहुतेक वेळा कोणीच नाही. आजचा सगळा भाग या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. या विषयावर इंग्रजीत वाचायला गेलात की पहिला शब्द येतो 'फूड डेझर्ट'. अन्नाचं वाळवंट. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमध्ये ताजी भाजी मिळणारं दुकानच मैलोन्मैल नसतं, गाडी नसेल तर चिप्स आणि कोल्ड्रिंकवर दिवस काढायचा, असा तो प्रकार. आपल्याकडे काही लोक तो शब्द उचलून जसाच्या तसा मुंबईवर चिकटवतात. मला ते पटत नाही. आपल्या वस्तीत भाजीवाली दारात येते. कोथिंबीर तर फुकट टाकते! (आता टाकत नाही म्हणा, पण टाकायची.) आपल्याकडे अन्न जवळ आहे. प्रॉब्लेम वेगळा आहे. ते थोडं थोडं घ्यावं लागतं, पाच-दहा रुपयांचं तेल पिशवीत, पाव किलो डाळ, एक वेळच्या भाजीपुरते कांदे, आणि थोडं थोडं घेणाऱ्याला तीच वस्तू महाग पडते. दुसरं म्हणजे, ते शिजवायला जागा लागते, पाणी लागतं, गॅस लागतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे वेळ लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत आठ पोरं पाळीपाळीने झोपत असतील तर तिथे कुकर कोण लावणार?

म्हणूनच आपल्याकडच्या गरिबाच्या जेवणाची गोष्ट ही धान्यापेक्षा शिजवलेल्या अन्नाची गोष्ट आहे. आणि ती सुरू होते गिरणगावात.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे हे तुम्हाला माहितीये. माझं ऑफिस लोअर परळला आहे, जिथे पूर्वी गिरणी होती त्याच जागेवर. चिमणी अजून ठेवलीये, तिच्याखाली लोक सेल्फी काढतात. पण त्या काळात या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, शिवडी, काय चालायचं बघा. कोकणातून, साताऱ्यातून, सांगली-कोल्हापूरकडून माणूस यायचा. एकटाच. बायको-पोरं गावी. चाळीतल्या एका खोलीत गाववाले पंधरा-वीस जण, कोणी दिवसपाळी, कोणी रातपाळी, पत्र्याची ट्रंक भिंतीला आणि वळकटी डोक्याखाली. या माणसाचं घर म्हणजे ट्रंक. मग जेवण?

जेवण खानावळीत. आणि खानावळ म्हटल्यावर बोर्ड लावलेलं हॉटेल डोळ्यासमोर आणू नका. खानावळ म्हणजे त्याच चाळीत राहणारी एक बाई, तिची तीच एक खोली, एक स्टोव्ह किंवा शेगडी, आणि दिवसाला दहा, वीस, कधी त्याहून जास्त माणसांचं दोन वेळचं जेवण. जेवणाऱ्याला 'मेंबर' म्हणायचे. मला हा शब्द फार आवडतो. गिऱ्हाईक नाही, मेंबर. मालवणच्या बाईकडे मालवणचे मेंबर, घाटावरच्या बाईकडे घाटावरचे. एकाला भात-आमटी लागते, दुसऱ्याला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. रविवारी मटण किंवा मासे. गावी गेलात तर तेवढ्या दिवसांचा 'खाडा' धरायचा, महिन्याच्या हिशेबातून वजा. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवलेल्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील.

आता यातला कळीचा मुद्दा ऐका. गिरणीचा पगार महिन्याने. म्हणजे मेंबर आधी महिनाभर जेवणार आणि मग पैसे देणार. बाईला मात्र तांदूळ, तेल, रॉकेल आज लागणार. ते कुठून आणायचं? वाण्याकडून उधारीवर, आणि तो उधारीचा भाव वेगळा लावणार. नाहीतर सावकाराकडून व्याजाने, डोरलं गहाण ठेवून. म्हणजे बघा, हजारो कामगारांना महिनाभराचं बिनव्याजी कर्ज रोज ताटात वाढलं जात होतं, आणि ते कर्ज देणारी बाई स्वतः भरमसाट व्याज भरत होती. फायनान्समध्ये काम करणाऱ्या माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'ही तर वर्किंग कॅपिटलची केस आहे.' आहेच! फक्त त्या बाईला कोणी तो शब्द सांगितला नव्हता, आणि तिच्याकडे कारकून नव्हता.

आणि या बायका खानावळ का चालवत होत्या? हौस म्हणून नाही. १९२०-३० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांमध्ये साधारण पाचातला एक कामगार बाई होती. पुढच्या दशकांमध्ये यंत्रं बदलली, पाळ्या वाढल्या, रात्रीच्या कामावर बायकांना बंदी होती, आणि त्यांना गिरणीतून बाहेर काढलं गेलं. ७० च्या दशकापर्यंत त्या नावापुरत्या उरल्या होत्या. नवरा आजारी, नवरा दारुडा, नवरा वारलेला, किंवा नवऱ्याच्या पगारात भागत नाही, मग काय? गिरणीत कामाला नाही तर गिरणीतल्या माणसांना जेवायला घाल. कामगार म्हणून कुठेच नोंद नाही. ना पीएफ, ना बोनस, ना सुट्टी. सुट्टीच्या दिवशी तर मटण, म्हणजे काम जास्तच.

आता संप. गिरणगाव म्हटलं की आपल्याला १९८२ चा संप माहीत असतो, १८ जानेवारी, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. पण त्याआधीही मोठे संप झाले. ७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक झाला, कित्येक आठवडे गिरण्या बंद. संपात पगार नाही. पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. पण माणूस तर रोज जेवणार. मग खानावळवाल्या बायकांनी काय केलं? जेवायला घातलं. दागिने मोडून, भांडी विकून, कर्ज काढून घातलं. पुढाऱ्यांची भाषणं झाली, मोर्चे झाले, ते सगळं इतिहासात आलं. पण संपाची रसद या बायकांच्या चुलीवरून जात होती, आणि संपाच्या हिशेबात त्यांचं नाव नव्हतं.

ही गोष्ट ज्या बाईच्या लक्षात आली त्या म्हणजे प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या. तरुण वयात गोवा मुक्तीच्या लढ्यात होत्या, पायाला गोळी लागली होती. पुढे मुंबईत कम्युनिस्ट पक्षाचं, गिरणी कामगारांच्या युनियनचं काम करायला लागल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. कामगाराची युनियन आहे, मग कामगाराला जेवू घालणारीची का नाही? १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण त्यांनी जे केलं ते मला आजही डोकेबाज वाटतं. त्यांनी देणगी गोळा करून डाळ-तांदूळ वाटला नाही. 'आदर्श स्वयंपाकघर' बांधून बायकांना पांढरे ॲप्रन दिले नाहीत. त्या बँकेत गेल्या. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, आणि १९७२ पासून अगदी गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची एक कर्ज योजना होती. कागदावर होती! बँकवाले म्हणणार, तारण काय? बायकांकडे तारण काय असणार, तवा? मग गट केले. एकमेकींना ओळखणाऱ्या, एकाच वाडीतल्या बायका, एकीची जामीन दुसरी. आधी मोजक्याच बायकांना कर्ज मिळालं, त्यांनी हप्ते फेडले, मग पुढच्या. सावकाराच्या व्याजातून सुटल्यावर त्याच भाकरीत बाईला दोन पैसे उरायला लागले. मेंबर तेच, भाजी तीच. बदलला तो पैशाचा भाव.

'मायक्रोफायनान्स' हा शब्द आपल्याकडे फॅशनमध्ये यायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट आहे. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. पण माझ्या पिढीतल्या लोअर परळमध्ये काम करणाऱ्या दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना हे नाव माहीत नसतं. मीही ते शाळेत नाही, खूप नंतर वाचलं. ज्यांना गिरणगावच्या माणसांच्या तोंडून हा सगळा काळ ऐकायचाय त्यांनी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं मुलाखतींचं पुस्तक शोधा.

त्याच काळातली अजून एक गोष्ट पटकन सांगतो. १९७२ चा दुष्काळ. तुमच्या आजीला 'मिलो' विचारा. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची, भाकरी काही धड होत नसे, तोंड वाकडं करून खाल्ली असं प्रत्येक आजी सांगते. त्या वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या आणि रस्त्यावर लाटणं-थाळी घेऊन मोर्चे निघाले. लाटणं का? कारण रेशनवर तेल-साखर आली की नाही हे मंत्र्याच्या आधी लाटणं धरणारीला कळतं. इतकं साधं लॉजिक.

तर ८२ च्या संपाचं पुढे काय झालं ते माहितीये. तो औपचारिकपणे कधी संपलाच नाही. कामगार गावी गेले, गिरण्या बंद पडल्या, मेंबर गेले, उधारीच्या वह्या तशाच राहिल्या. पुढे गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं याचे नियम १९९१ मध्ये आले, २००१ मध्ये बदलले, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला, आणि त्या जमिनीवर आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो. त्यावर वेगळा भाग होईल.

पण खानावळ संपली का? नाही संपली. फक्त मेंबर बदलले. आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक मावशी डबे करतात. त्यांच्याकडे जेवणारे कोण? टॉवरचे सिक्युरिटी गार्ड, हाउसकीपिंगची पोरं, आणि डिलिव्हरीवाले. हो, जो मुलगा माझ्यासाठी अडीचशे रुपयांची बिर्याणी घेऊन येतो तो स्वतः मावशींकडे जेवतो. यूपीआयचा स्कॅनर दाराला चिकटवलाय, पण खिळ्याला वही पण लटकवलीये. कारण गार्डचा पगार कॉन्ट्रॅक्टर कधी ७ तारखेला देतो, कधी १७ ला. गिरणीच्या जागी कॉन्ट्रॅक्टर आला, बाकी गणित १९७४ चंच.

आणि या मावशी कायद्याने कुठे बसतात बघा. घरगुती लाल सिलिंडर १४.२ किलोचा, तो धंद्याला वापरायची परवानगी नाही. धंद्याचा निळा सिलिंडर १९ किलोचा, किलोमागे महाग, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो ठेवायचा कुठे? म्हणजे ती शेजाऱ्याच्या चार पोरांना जेवायला घालते तोपर्यंत प्रेमळ बाई, त्यांच्याकडून पैसे घेतले की नियमभंग. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र जमण्यासारखी आहे, छोट्या खाद्यव्यवसायाला वर्षाला शंभर रुपये फी. पण फॉर्म ऑनलाइन, आणि जागेचा पुरावा मागितला की भाड्याच्या खोलीवाली गप्प बसते.

बरं, आता सरकारकडे येऊया. आणि सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. आपल्याकडे अन्न सुरक्षा कायदा आहे, २०१३ चा. त्यात माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. जगात फार कमी देशांनी हे कायद्याने लिहून दिलंय. आणि कार्ड पोर्टेबल झालंय, म्हणजे बिहारचा किंवा बीडचा माणूस त्याचं धान्य मुंबईतल्या दुकानात उचलू शकतो. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, हे काम सोपं नाही आणि ते चांगलं झालंय. अंगठा लागत नाही ही बोंब मात्र खरी आहे. भांडी घासून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा गेलेल्या माणसाला मशीन ओळखत नाही. ज्याला धान्याची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच बोटं झिजलेली. डिझाइन करताना हे कोणाच्याच मनात आलं नसेल का, असं मला राहून राहून वाटतं.

पण माझा खरा आक्षेप अंगठ्यावर नाही, एका आकड्यावर आहे. पेन घ्या, किंवा मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा.

महाराष्ट्रात शहरी भागात या कायद्याखाली धान्य मिळायला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत हवं. महिन्याला नाही, वर्षाला. पूर्ण कुटुंबाचं. भागा ३६५ ने. १६१ रुपये आणि वर थोडे पैसे. चार माणसांचं कुटुंब धरलं तर माणशी दिवसाला ४० रुपये. यात भाडं, लाइट बिल, औषध, शाळा, सगळं. त्याच्या वर कमावलंत की तुम्ही या यादीत बसत नाही.

आता दुसरा आकडा. शिवभोजन थाळी तुम्ही पाहिली असेल. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. जेवणाऱ्याने द्यायचे १० रुपये. पण शहरात त्या थाळीची किंमत सरकारने धरली ५० रुपये, वरचे ४० सरकार केंद्रचालकाला देणार. ग्रामीण भागात ३५ धरली. म्हणजे सरकारनेच सांगितलं की शहरात एका माणसाचं एक वेळचं, अगदी साधं, पोटभर सुद्धा न म्हणता येईल असं जेवण ५० रुपयांना पडतं. चार माणसं, एक वेळ, २०० रुपये. आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या कागदावर दिवसाला १६१ रुपयांपेक्षा जास्त कमावणारं कुटुंब धान्य मिळण्याइतकं गरीब नाही!

मान्य, घरी शिजवलं तर ५० पेक्षा स्वस्त पडतं, केंद्राला भाडं आणि मजुरी असते. तुम्ही कमेंटमध्ये हे लिहिणार हे मला माहितीये. घरचं जेवण निम्म्यात धरा, २५ रुपये. चार माणसं, दोन वेळ, पुन्हा २०० च. चहा पण धरला नाही.

मग हा ५९ हजारांचा आकडा असा का? कारण आधी कोटा ठरतो आणि मग त्यात माणसं बसवली जातात. महाराष्ट्राचा कोटा सात कोटी माणसांचा, शहरी लोकसंख्येच्या साधारण ४५ टक्के, आणि लोकसंख्या धरलेली २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर जनगणनाच झाली नाही. २०११ नंतर जन्मलेली पोरं आता आठवी-नववीत गेली, पण कोट्याच्या हिशेबात ती जन्मलेलीच नाहीत. म्हणून प्रत्यक्षात लोक काय करतात? खोटा दाखला काढतात. सगळ्यांना माहीत असतं, दाखला देणाऱ्याला पण. कायद्याने दिलेला हक्क घ्यायला आधी खोटं बोलायला लावायचं, हा मला उपाशी ठेवण्याइतकाच मोठा अन्याय वाटतो, कारण मग रेशन दुकानदार वजनात मारतो तेव्हा ती बाई आवाज चढवू शकत नाही. तिलाच भीती असते.

शिवभोजनबद्दल अजून थोडं. ही योजना मला मनापासून आवडते. ताटात गरम जेवण, आधार कार्ड न मागता. कोविडमध्ये थाळी ५ रुपये झाली, २०२१ मध्ये काही काळ फुकट, आणि तेव्हा ती कोणाकोणाला वाचवून गेली हे ज्यांनी रांगा पाहिल्या त्यांना माहीत आहे. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर आली होती. पाचेक वर्षांत योजना बंद झाली आणि केंद्रांच्या जागी वडापाव-चायनीज आलं. त्या मानाने ही टिकली. पण केंद्र चालवतं कोण? बचत गट, छोट्या खानावळी. आणि अनुदान महिनोन् महिने थकल्याच्या बातम्या येत राहतात. म्हणजे काय झालं? डाळ आज आणायची, पैसे पुढे कधीतरी. वाण्याकडे उधारी. व्याज. अरे, आपण परत त्याच चाळीत येऊन उभे राहिलो की! फक्त या वेळी उधारीवर जेवणारा मेंबर म्हणजे सरकार.

आणि यातली तांत्रिक गंमत बघा. शिवभोजनचं ॲप आहे. जेवायला आलेल्या माणसाचा फोटो आणि नाव त्यात टाकायचं, तेव्हाच थाळी मोजली जाते. दहा रुपयांचं जेवण जेवणाऱ्याचा फोटो मिनिटात सर्व्हरवर. बोगस थाळ्या दाखवणारे असतात, तपासणी हवी, मान्य. पण त्याच ॲपवर त्याच तत्परतेने 'तुमचं बिल आज निघालं' असा मेसेज केंद्रवाल्या ताईला गेला असता तर? ते करायला जास्त कोड लागत नाही हो, मी लिहून देतो, एका वीकेंडचं काम आहे. लागतो तो निर्णय. मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, 'खानावळवाल्या बायकांसाठी एक ॲप काढूया का?' त्यांना ॲप नकोय. त्यांच्याकडे ऑर्डरी आहेत. त्यांना पैसे वेळेवर हवेत.

एक बाहेरचं उदाहरण देतो, फक्त एकच, कारण प्रत्येक गोष्टीला 'परदेशात बघा' म्हणायची सवय मला आवडत नाही. ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंते नावाचं शहर आहे, नागपूरच्या आसपासच्या लोकसंख्येचं. १९९३ मध्ये तिथल्या महापौरांनी, पात्रुस अनानियास नाव त्यांचं, अन्न हा नागरिकाचा हक्क म्हणून महापालिकेत वेगळं खातंच काढलं. महापालिकेची जेवणघरं, जिथे स्वस्तात ताट मिळतं आणि बँकेतला माणूस व कचरा गोळा करणारा एकाच रांगेत बसतात. आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांना शहरात थेट विकायला जागा. ठरावीक भाज्या-फळं ठरलेल्या दरात विकायची या अटीवर दुकानदारांना मोक्याच्या जागा. खर्च शहराच्या बजेटच्या दोन टक्क्यांहून कमी. मला यात दोन टक्के महत्त्वाचे वाटतात. बजेटमध्ये ओळ आहे, म्हणून दर वर्षी कोणाच्या मर्जीवर ती अवलंबून राहत नाही.

आपल्या महापालिकांकडे अन्नाचं खातं नाही. बाजार खातं आहे, अतिक्रमण हटवणारं आहे. भाजीवालीची टोपली उचलून नेणारी गाडी आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की शहरात फेरीवाल्यांची समिती असावी, त्यात निदान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. वाचायला सुंदर कायदा आहे. गाडी मात्र रोज येते. आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्द-देवनारचा पट्टा, सगळ्यात तळाला होता. तिथे कुपोषणाची बातमी आली की पोषण आहाराची पाकिटं पाठवतात. टोपली उचलणारी गाडी आणि पाकीट आणणारी गाडी एकाच गल्लीतून जाते.

माझं मत विचाराल तर सुरुवात तीन ठिकाणी करता येईल, आणि यातलं काही नवीन नाही. ५९ हजारांचा आकडा बदला, कोटा वाढवा. शिवभोजनचं बिल ठरलेल्या तारखेला नाही निघालं तर सरकारने त्यावर व्याज द्यावं, जसं आपल्याकडून घेतं तसं. आणि वस्तीवस्तीत सामायिक स्वयंपाकघराची जागा, जिथे चार-पाच मावशींना निळा सिलिंडर, पाणी आणि कागदावर पत्ता मिळेल. एसआरएच्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये सोसायटीचं ऑफिस बांधतात, बालवाडी बांधतात. एक खोली अजून बांधायची.

मागच्या आठवड्यात मावशींना विचारलं, तुम्हाला आत्ता, या महिन्यात, काय झालं तर बरं होईल? मला वाटलं कर्ज म्हणतील, गॅस म्हणतील. त्या म्हणाल्या, 'त्या कॉन्ट्रॅक्टरला सांग, पोरांचा पगार सात तारखेला करत जा. बाकी माझं मी बघते.'

रेशनबद्दल तक्रार करायची असेल तर १९६७ हा हेल्पलाइन नंबर आहे. दुकानाचा नंबर आणि कार्डाचा नंबर हाताशी ठेवून फोन करा. तुमच्या आजी-आजोबांनी गिरणगावात खानावळ चालवली असेल, किंवा ते कोणाचे मेंबर असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. उधारीची जुनी वही कोणाकडे असेल तर तिचा फोटो पाठवाच, नावं झाकून.

पुढचा भाग वाशीच्या भाजी मार्केटवर. रात्री तीनला तिथे जाऊन रेकॉर्ड केलंय, मागे ट्रकचे हॉर्न आहेत, तेवढं सांभाळून घ्या. भेटू.